नवा हॉर्न

ड्वेनने वडिलांची खटारा पिकअप घरच्या शेडमध्ये खपून नवीकोरी केली. हिरवा रंग जाऊन लाल आला, हॉर्नही बदलला.

“हॉर्न तरी जुना ठेव रे,” वडील म्हणाले.

“काय डॅड! गाढव रेकल्यासारखा वाजतो तो. गावात हसतात लोक.”

आठवड्यातच ओक्लाहोमाच्या त्या माळावर वणवा पेटला. टेकडीपलीकडून धूर चढत होता आणि अलीकडच्या कुरणात त्यांची सगळी गुरं होती. चाऱ्याच्या वेळी हॉर्न ऐकला, की ती पिकअपमागे धावत येत. ड्वेनने फाटक सताड उघडून गाडी आत घातली.

“वाजव, वाजव लवकर!” वडील ओरडले.

ड्वेनने हॉर्न दाबून धरला. सुरेल आवाज कुरणभर घुमला.



गुरांनी माना वर केल्या, त्या परक्या गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.