बाहीची पिन

“खिडकीकडचा थोरला, दाराकडचा धाकटा. पिन थोरल्याला,” सासूबाईंनी बजावलं आणि त्या तापाने फणफणलेल्या लेकीपाशी गेल्या.

पलंगावर दोन गाठोडी. जावई बोटीवर खलाशी, परवाच घरी आलेला. दोन महिन्यांच्या त्या जुळ्यांत त्याला तिळाएवढाही फरक दिसत नव्हता. थोरला अकरा मिनिटांनी मोठा. जन्मताना त्याचा खांदा अडकला, ओढाओढीत मानेतल्या नसा ताणल्या आणि उजवा हात लुळा पडला. तो लोंबू नये म्हणून बाही छातीशी पिनेने अडकवायची.

पिन सापडेपर्यंत दोघांनीही भोकाड पसरलं. त्याने दोघांना उचललं, खोलीभर फिरवलं, बेसूर गाणं म्हटलं. गाण्याला भिऊन असेल, पण दोघं गप्प झाले. त्यांना पलंगावर ठेवून त्याने खिडकीकडच्याची बाही हाताला धक्का न लावता, जपून अडकवली.

आज थोरल्याची तपासणी होती. धाकट्याने आजारी आईला झोपू दिलं नसतं, म्हणून जावयाने त्यालाही दवाखान्यात नेलं.

“आजही हात हलला नाही, तर ऑपरेशन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पायातली नस काढून मानेत जोडायची.”

“माझ्या पायातली घ्या की.”

“तशी चालत नाही.”

एवढ्याशा जिवावर सुरी चालणार, हेच त्याला सोसत नव्हतं.

बाईंनी पिन काढली, बाळाला मोकळं केलं आणि डोक्याशी टाळी वाजवली. बाळ दचकलं. दोन्ही हात वर गेले, झेल घ्यायला जावेत तसे.

बाईंनी कोपर वाकवून पाहिलं, मुठीत बोट दिलं. “महिन्यापूर्वी यात जीव नव्हता. एवढ्यात इतका सुधारलेला हात मी पाहिला नाही.” त्यांनी कागदावरच्या ऑपरेशनवर काट मारली.

त्याला रडू फुटलं. त्याने ते लपवलंही नाही.

टाळीने धाकटाही जागा होऊन किरकिरत होता. “घामेजलाय तो. सोडा त्याचंही कापड,” बाई म्हणाल्या. त्याने कापड सोडून त्याला भावाशेजारी निजवलं.

“बाई, एकदा मी वाजवू? घरी जाऊन सांगायला.”

बाई हसल्या. “वाजवा.”

त्याने टाळी वाजवली. दोघंही दचकले. तीन हात वर गेले: पिन लावलेल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा फक्त डावा.