बिनचुन्याची भिंत

वडवणीचा धोंडीराम पाथरवट उर्दू शाळेच्या मास्तरांकडं अखबारातलं एक चित्र पाहून आला आणि त्याला दुसरं काही सुचेना. इंका राजांनी डोंगरमाथ्यावर बांधलेलं ओसाड शहर होतं ते. दगडांना चुन्याचं बोटही लावलेलं नव्हतं, तरी सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही म्हणे.

"मला न्या तिथं," त्याची बायको बायनाबाई म्हणाली. देवीच्या साथीत तिचे डोळे गेले होते. "हात लावून बगीन."

ते शहर सात समुद्रांपलीकडं आहे, हे सांगायला धोंडीरामची जीभ रेटेना. "तीन दिसांची वाट हाय," तो म्हणाला. मग महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. गाडी कुणाची घ्यायची, मुक्काम कुठं करायचा. बायनाबाईनं दुधात मळून दशम्या केल्या आणि ती ठेवणीतलं लुगडं नेसली.

तीन दिवस धोंडीरामनं गाडी आडवाटांनी फिरवली आणि शेवटी तिला नांदूरघाटाकडच्या एका डोंगरावर नेलं. तिथल्या देवळाची बिनचुन्याची भिंत त्यानंच तरणेपणी रचली होती.

बायनाबाईनं दोन्ही तळवे दगडांवरून सावकाश फिरवले, सांधे चाचपले. छिन्नीच्या तिरप्या घावांवर तिची बोटं थांबली.

"लई लांब आणलंत हो मला," ती म्हणाली आणि भिंतीला गाल टेकवून हसली. "पर नवल बगा, हितला पाथरवट बी तुमच्यावाणीच डावखुरा व्हता."