म्हशीच्या मोलाचं पाणी

बॅगेतला अहवाल शीतलला तोंडपाठ होता. उद्या जालन्याच्या बैठकीत तो वाचायचा आणि पहिल्या रांगेतल्या केशवसरांच्या, तिच्या जुन्या मार्गदर्शकाच्या, तोंडाकडे बघत राहायचं. तिच्या चार वर्षांच्या कामावर याच माणसानं स्वतःचं नाव घातलं होतं आणि वर म्हणाला होता, "तुझं नाव पुढच्या वेळी घालू." ती पुढची वेळ शीतलनं तीन वर्षं विस्तवासारखी राखेखाली जपली होती.

सरांनी आता एक पावडर काढली होती. मातीतल्या शेणा-पाचोळ्यात अडकलेला फॉस्फरस तिच्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, सोडवतं, असा दावा. विकर फॉस्फरस सोडवतं तेव्हा जवळच्या पाण्यातला ऑक्सिजन सुटलेल्या फॉस्फरसला चिकटतो. म्हणून शीतलनं जड ऑक्सिजनची खूण असलेलं पाणी केदारखेड्याच्या शेतकरी द्वारकाबाईंना त्यांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी, नेऊन दिलं. पावडर मिसळलेल्या कुंड्यांना त्यांनी रोज तेच घालायचं. फॉस्फरस वाढला, खूण मात्र एकाही कुंडीत सापडली नाही. म्हणजे पावडरीत सरळ खत मिसळलेलं! चोर पाण्यानंच पकडून दिला. त्या दिवशी शीतल पोटभर जेवली होती.

आज ती फक्त रिकाम्या बाटल्या न्यायला आली होती. द्वारकाबाईंनी देव्हाऱ्यापासच्या दोन बाटल्या आणून तिच्यापुढं ठेवल्या. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या, बुचावर हळदीकुंकू.

"हे काय, मावशी?"

"रागावू नका म्याडम. तुमीच म्हन्ल्या ना, सांडू नका, म्हशीच्या मोलाचं पानी हाय. मंग मातीत वतायला जीवच व्हईना. हिरीचं घातलं. बराबर रोज एक गिलास, खाडा न्हाई."

शीतल ओट्यावर बसली. विहिरीच्या पाण्यात कसली आलीय खूण? तिनं पकडला तो चोर नव्हताच कदाचित. या खेपेला सर खरे असू शकत होते. तिला सरांचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"काई चुकलं का वो?"

"कुणाला सांगितलंत हे?"

"न्हाई बा. कुनाला सांगू?"

"मग सांगूही नका."

ती उठली. अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन तिनं एक बाटली उपडी केली, मग दुसरी. द्वारकाबाई कळवळल्या. "अवो, म्हशीच्या मोलाचं हाय ना!"

"तुळशीलाच घातलं, मावशी. वाया नाही गेलं."

रिकाम्या बाटल्या बॅगेत अहवालाशेजारी ठेवून ती निघाली. फाटकाशी पोचल्यावर तिनं एकदा वळून पाहिलं. पाणी जिरून गेलं होतं. कुंड्यांत जी खूण कुणालाच सापडली नव्हती, ती आता तुळशीच्या मातीत उतरणार होती, आणि कुठं नि कशासाठी उकरायचं ते एकट्या शीतललाच ठाऊक होतं.