हातात असलं तरच

महिन्याभराने दवाखान्यातून घरी आलो आणि चहाच्या आधी घड्याळ मागितलं. रोज विहिरीत पोहायचं म्हणून घेतलेलं, पाण्यातही चालणारं, स्वस्तातलं ऑटोमॅटिक घड्याळ. ऑपरेशनला नेताना ते मी सुनेकडे, शलाकाकडे दिलं होतं आणि बजावलं होतं, "याला सेल नसतो. हातात असलं तरच चालतं."

ते केव्हाच बंद पडलं असणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण तिने आणून दिलं तेव्हा ते चालू होतं, भिंतीवरच्या घड्याळाशी काटे जुळत होते. फक्त काचेभोवतीच्या फिरत्या कडीच्या खाचांत भाकरीचं पीठ वाळून बसलं होतं, आणि रबरी पट्ट्याला तापल्या सुईने एक नवीन छिद्र पाडलेलं होतं.

"चांगल्या पट्ट्याची वाट लावलीस," मी खेकसलो.

"माझ्या हातातून गळून पडत होतं, बाबा. भांडी घासताना, झोपतानासुद्धा काढलं नाही. तुम्ही शुद्धीवर नव्हता. म्हटलं, हे तरी थांबायला नको."

मी उगाच घाईने घड्याळ चढवलं, पट्टा नेहमीच्या जागी अडकवला. ते थेट तळहातावर घसरलं. आजारपणात मनगटाची पार काडी झाली होती.

शलाकाने पट्टा तिच्या छिद्रापर्यंत ओढून लावला. आता घड्याळ नीट बसलं. मग ती नखाने कडीतलं पीठ काढू लागली.

"राहू दे ते," मी म्हणालो.