दहातलं एक

"या आजारात नव्वद टक्के लोक बरे होतात, काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले, तेव्हा बायकोच्या उशाशी बसलेल्या त्याच्या जिवात जीव आला.

पण त्याचा उभा जन्म फळांच्या पेट्या भरण्यात गेलेला. नव्वद टक्के चांगली म्हणजे दहातलं एक नासणारच, हे अंगात मुरलेलं. आणि त्या आजाराच्या वॉर्डात खाटा नेमक्या दहा. एकेक जण बरा होऊन घरी निघाला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. आज समोरच्या आजीही घरी गेल्या. त्याच्याने त्यांना धड निरोपही देववेना.

बायको उशीला टेकून हसली, "अहो, असं तोंड काय पाडता? नऊच्या नऊ जण ठणठणीत होऊन गेले, आता राहिले मी एकटीच!"