खणाची किल्ली

“पहिल्या व्हिसावर नोकरी बदलता येते,” मामी म्हणाल्या. “दुसऱ्यावर नाही. चार वर्षं एकच मालक. त्याने काढून टाकलं किंवा पोरीने नोकरी सोडली, तर साठ दिवसांत देश सोडायचा.”

“आणि मिळायला वेळ किती?” मामांनी विचारलं.

“पहिल्याला सहा महिने. दुसरा सहा आठवड्यांत हातात.”

रविवारची दुपार होती. दातांची लॅब बंद होती, तरी दोघं तिथेच येऊन बसले होते. घरच्या टेबलावर इतके कागद मावत नसत. ओट्यावर शनिवारच्या सात कवळ्या प्लास्टरच्या साच्यांवर बसून दात विचकत होत्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मामांनी किल्लीने खण उघडला, दोन्ही अर्ज काढले आणि शेजारी शेजारी ठेवले.

अर्ज भाचीसाठी होते. मामांच्या ताईंची ही एकुलती एक मुलगी दात घडवण्याचं काम शिकली होती आणि चार वर्षं तेच करत होती. पोर्सिलेनच्या दातावर ती जो रंग चढवायची, तो मामा फोनवर फोटो मोठा करकरून बघत. लहानपणी तिचे पुढचे दोन दात असे बाहेर डोकावत, की सुट्टीवर गेलेल्या मामांनी तिचं नाव खार ठेवलं होतं. ते तिला चिकटलं ते चिकटलंच.

“पहिलाच भरा,” मामी म्हणाल्या. “तुमचे काय हाल झाले ते विसरलात?”

मामा विसरले नव्हते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते असल्याच, एका मालकाला बांधलेल्या व्हिसावर आले होते. म्हाताऱ्या मालकाने पहिल्याच दिवशी त्यांचा पासपोर्ट मागून घेतला आणि याच खणात टाकला. “हरवायला नको,” म्हणाला.

दुसऱ्या वर्षी अण्णा, मामांचे वडील, गेले. मामा म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याने हातातल्या साच्यावरून नजरही उचलली नाही. “पुढच्या आठवड्यात बघू,” म्हणाला. त्या दिवशी मामांनी चौदा कवळ्यांना पॉलिश केलं. दुसऱ्यांदा विचारायला त्यांची जीभ रेटली नाही. विमानाचं तिकीट मिळालं नाही, असं त्यांनी घरी कळवलं. ताई अजून तेच धरून होत्या. म्हाताऱ्यावरचा राग कधीच निवला होता, पण आपण दुसऱ्यांदा विचारलं नाही, हे मामांना अजून खात होतं. तेव्हापासून लॅबबद्दल ते ताईंशी जेवढ्यास तेवढंच बोलत.

“जिराफ पहिल्यावरच आला होता,” मामा म्हणाले.

जिराफ म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसणारा लांब मानेचा तंत्रज्ञ. आठ महिन्यांत तो समोरच्या लॅबमध्ये गेला. अजूनही काचेतून दिसला की हात हलवायचा.

“मग? चार पैसे जास्त मिळाले, गेला. तुम्हाला जाता आलं असतं, तर तुम्ही नसता गेलात?”

मामांनी एक कवळी उचलली, तिच्यावर नसलेली धूळ फुंकली आणि परत ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ताईंचं कपाळ आणि खारीचा अर्धा चेहरा दिसत होता.

“काय ठरलं रे?” ताईंनी विचारलं. “ही चार दिवस धड जेवलेली नाही.”

“जेवते आहे मी. आईचं काही ऐकू नकोस,” खार म्हणाली. “मामा, मी दोन्हींची माहिती वाचली. मला पहिला बरा वाटतो. पण तिथलं तुला कळतं. तू सांगशील तो.”

“दुसरा लवकर मिळतो,” मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं.

“पण त्यात मालकाच्या मुठीत राहायचं ना?”

“अगं, मामा शेजारी बसलेला असताना कोण मूठ आवळतंय?” ताई हसल्या. मग फोन जवळ धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांग हं. तुझा मालक माणूस कसा आहे? इतकी वर्षं काढलीस त्या लॅबमध्ये.”

“कामाला कडक आहे.”

“असू दे कडक. पोर कामाला भीत नाही. पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. तेव्हा महिनाभर सोडेल ना हिला? तेवढं विचारून ठेव. अण्णांच्या वेळी तुला तिकीट मिळालं नाही. तसं हिचं व्हायला नको.”

मामांची मान खाली गेली. “बघू,” ते म्हणाले. “विचारतो.”

“आजच विचार.”

“आज रविवार आहे, ताई.”

“मामा, दुसराच भर मग,” खार म्हणाली. “तू तिथे आहेस म्हटल्यावर मला कसली भीती?”

फोन बंद झाला.

“निदान पोरीला तरी खरं सांगायचं होतंत,” मामी म्हणाल्या.

“खोटं काय बोललो? लवकर मिळतोच.”

मामी उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन कप विसळू लागल्या. कप सकाळीच विसळलेले होते.

मामांनी दुसरा अर्ज पुढे ओढला. भाचीचं नाव, जन्मतारीख, शिक्षण. कुठलाही कागद बघावा लागला नाही, सगळं पाठ होतं. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे ‘मालकाचं नाव व सही’ असं छापलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी म्हातारा लॅब विकून गेला, तेव्हापासून बाहेरच्या पाटीवर जे नाव होतं, तेच मामांनी त्या रेघेवर लिहिलं. स्वतःचं.