सात नंबरचं लोणी

"हे लोणी नाही," असं म्हणत मावशीने डबा कोठीवाल्याच्या टेबलावर आदळला.

कोठीवाल्याने चहाचा कप सावरला. "पिवळंधमक आहे. डब्यावर लोण्याचं चित्रही आहे. आणखी काय हवं?"

"चित्र गायीचंही आहे. पिळा तिला." मावशीने डबा उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "वाचा. वनस्पती तेल, पाणी, रंग, वास. खऱ्या लोण्यात साय असते, फार तर मीठ. कालपासून फ्रीजमध्ये आहे, तरी मऊच्या मऊ! लोणी गारठलं की दगड होतं आणि तळहातावर ठेवलं की विरघळतं."

"दीडशे माणसांच्या स्वयंपाकात एकट्या सात नंबरचे एवढे चोचले?"

"आजारी माणसाच्या ताटात असलं घालता? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला कमी करणार नाही तुम्ही."

मावशीच्या तोंडी लागायची तिथे कोणाची छाती नव्हती. डबा परत गेला.

वर्षापूर्वी ती एका मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून अर्ध्या पगारावर इथे स्वयंपाकाला आली, तेव्हा सगळ्यांनी तिला खुळ्यात काढलं होतं. पण हाताला चव होती आणि कामाला वाघीण होती, त्यामुळे तिचा तापटपणा लोक गिळत. सात नंबरच्या पथ्यापायी मात्र तिने सगळ्यांना जेरीला आणलं होतं.

पथ्य डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. सात नंबरच्या पायांना सूज आली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि रक्तातली साखर चारशेच्या वर गेली होती. "गोळ्या चालू ठेवा. पण पाव, भात, बटाटे, साखर बंद," बाई म्हणाल्या. "अंडी द्या, पालेभाज्या द्या, पनीर द्या. पोट भरायला लोणी द्या, पण अस्सल. तीन महिने बघू. फरक पडला नाही तर याला इथे ठेवता येणार नाही. मला तसं लिहून द्यावं लागेल."

"फरक पडेल," मावशी म्हणाली. "मी पाडते. त्याला कुठे हलवायची वेळ येणार नाही."

मग ती स्वतः बाजारात गेली आणि तीन प्रकारचं लोणी घेऊन आली. तिन्ही कढईत टाकून पाहिली. एक तडतडलं आणि नुसतं तेल उरलं. दुसऱ्याला औषधासारखा वास. तिसरं फेसाळलं, तळाशी तांबूस कण बसले आणि स्वयंपाकघरभर खमंग दरवळ सुटला. तेच तिने ठरवून टाकलं.

सात नंबर चाळिशीचा, दांडगा, जिभेने तिखट. पहिल्याच दिवशी त्याने ताट ढकललं.

"म्हातारे, हा ओशट लगदा कोण गिळणार? पाव दे."

"पाव मिळणार नाही."

"मी मेलो तर तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझं जातं," मावशी म्हणाली. "खा."

तो खायचा नाही. लोणी लावलेली अंडी शेजाऱ्याला देऊन त्याचा पाव घ्यायचा. गादीखाली साखरेच्या पुड्या दडवायचा आणि दुपारी बकाणे भरायचा. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतातच, हा तर धोंडा शोधत हिंडत होता. महिना संपला तरी साखर तिथल्या तिथे.

मावशीने त्याला पावासकट पकडलं. शेजाऱ्याची जागा बदलायला लावली, शिपायाकडून गादी झाडून घेतली. तेव्हापासून ती तिन्ही वेळा त्याच्यासमोर उभी राहू लागली. शेवटचा घास उतरेपर्यंत हलायची नाही.

एकदा त्याने गरम ताट तिच्या अंगावर भिरकावलं. हात भाजला. तिने तो नळाखाली धरला, फडकं गुंडाळलं आणि दुसरं ताट वाढून आणलं.

"मावशी, कशाला सोसता?" शिपाई कळवळून म्हणाला. "त्याला जगायचं नाही, मरू द्या की."

"ते सोडून काहीही सांग."

खरं तर तिला त्याची किळस येई. त्याच्या मचमच चावण्याने डोक्यात तिडीक जाई. तो "घरी जायचंय मला, घरी" म्हणून ओरडू लागला की त्याचं थोबाड फोडावंसं वाटे. पण तिने एकही जेवण चुकवलं नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला. "साखर एकशे दहा. सूज गेली. डोळे उत्तम. असं फार क्वचित बघायला मिळतं. श्रेय मावशींचं."

सात नंबर मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. मावशीचेही डोळे भरून आले.

साहेबांनी अहवालावर सही केली. "म्हणजे आजारपणामुळे लवकर सुटका मिळावी हा तुझा अर्ज फेटाळला. उरलेली अकरा वर्षं याच तुरुंगात काढायची."

मावशी वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "कोर्टात मी शेवटच्या बाकावर होते. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. चल, जेवायची वेळ झाली. माझ्या पोरीच्या खुनाची शिक्षा आहे ती, तिच्यातला एक दिवससुद्धा मी कमी होऊ देणार नाही."